सूर बातमीचा, पारा हवेचा : तापमानवाढीच्या बातम्या वाचताना-लिहिताना या चुका टाळा

"अहो, १९७५ साली हेच पेपरवाले हिमयुग येणार म्हणून ओरडत होते. आता म्हणतात जग तापतंय. उद्या काय म्हणतील कोण जाणे!"

हे वाक्य इतक्यांदा कानावर आलंय की म्हणणाऱ्याचं तोंड उघडायच्या आत मला पुढचं पाठ असतं. सोबत बहुधा एका जुन्या साप्ताहिकाचं कात्रणही येतं. गंमत अशी की ते कात्रण खरं असतं.

मी बरीच वर्षं बातम्यांच्या डेस्कवर काढली. एजन्सीच्या कॉप्या मराठीत आणायच्या, मथळे द्यायचे, वेळेत पान सोडायचं. तापमानवाढीची बातमी आली की ती सगळ्यात नव्या मुलाकडे जायची, कारण बाकीच्यांना ती कंटाळवाणी वाटायची. एकेकाळी तो नवा मुलगा मी होतो. त्यामुळे खाली लिहिलेल्या चुकांपैकी काही मी दुसऱ्यांच्या कॉपीत पकडल्यात आणि काही स्वतः केल्यात. जवळजवळ सगळ्यांचं मूळ एकच आहे. माध्यमांचा सूर बदलला की आपण धरून चालतो की विज्ञानच बदललं.

कात्रण खरं, निष्कर्ष चुकीचा

२८ एप्रिल १९७५ च्या 'न्यूजवीक' या अमेरिकी साप्ताहिकात 'द कूलिंग वर्ल्ड' नावाचा लेख छापून आला होता, यात वाद नाही. लेख एका पानाचा होता, आतल्या ६४व्या पानावर. आदल्या वर्षी 'टाइम'नेही 'आणखी एक हिमयुग?' असा प्रश्न विचारून झाला होता. हे सगळं हवेतून आलेलं नव्हतं. १९४० च्या दशकापासून सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत उत्तर गोलार्धाचं सरासरी तापमान किंचित उतरलं होतं. कारखान्यांच्या आणि कोळशाच्या धुरातले सल्फेटचे कण सूर्यप्रकाश परत फेकतात, त्याचा यात मोठा वाटा होता. या कणांचं पारडं जड होणार की कार्बन डायऑक्साइडचं, हा त्या काळी रास्त प्रश्न होता.

पण शास्त्रज्ञांचा कल कुठे होता? २००८ साली तीन संशोधकांनी १९६५ ते १९७९ या काळातले शोधनिबंध मोजले. पृथ्वी थंड होईल म्हणणारे ७ निघाले, तापेल म्हणणारे ४४ आणि कुठलीच बाजू न घेणारे २०. 'न्यूजवीक'चा लेख आला त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शास्त्रज्ञ वॉलेस ब्रोकर यांनी 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच 'ग्लोबल वॉर्मिंग' हे शब्द होते. ते कात्रण मात्र कुणी पुढे पाठवत नाही. 'न्यूजवीक'च्या लेखाचे लेखक पीटर ग्विन यांनीही २०१४ मध्ये स्पष्ट लिहिलं की आपल्या जुन्या लेखामुळे आजचे शास्त्रज्ञ खोटे ठरत नाहीत.

आणि काही कात्रणं तर खरीही नसतात. बर्फावर उभा असलेला एकटा पेंग्विन आणि 'येत्या हिमयुगातून कसे तगाल' असा मथळा असलेलं १९७७ सालचं म्हणून 'टाइम'चं एक मुखपृष्ठ फिरतं. मूळ मुखपृष्ठ एप्रिल २००७ चं आहे आणि त्यावरचा मथळा तापमानवाढीतून तगण्याबद्दल होता. कुणीतरी शब्द आणि साल बदलून सोडून दिलं. असं काही हाती आलं तर साप्ताहिकाच्या स्वतःच्या मुखपृष्ठ-संग्रहात ती तारीख काढून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

याच्या उलट चूकही होते. चिडून लोक उत्तर देतात, "असं कुणी म्हटलंच नव्हतं." म्हटलं होतं की! सात निबंध होते, दोन मोठ्या साप्ताहिकांत लेख होते. ते नाकारलंत तर समोरचा कात्रण दाखवतो आणि तुम्ही खोटे पडता.

"माध्यमांना आत्ता कुठे जाग आली"

हेही तितकंच चूक. न्यूझीलंडमधल्या 'रॉडनी अँड ओटामाटेआ टाइम्स' या छोट्या पेपरात १४ ऑगस्ट १९१२ रोजी एक इवलीशी नोंद आली होती. जगभरच्या भट्ट्या वर्षाला २०० कोटी टन कोळसा जाळतात, त्यातून सुमारे ७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यामुळे हवेचं पांघरूण अधिक उबदार होतं आणि काही शतकांनी याचा परिणाम बराच जाणवेल, एवढाच मजकूर. तो मुळात त्याच वर्षीच्या मार्चमधल्या 'पॉप्युलर मेकॅनिक्स'चा होता.

ही नोंद मी नव्या मुलांना दाखवतो तेव्हा हमखास कुणीतरी म्हणतं, "सर, आकडा चुकलाय. २०० कोटी टनांतून ७०० कोटी टन कसे निघतील?" निघतात. कार्बनचा एक अणू जळताना हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू सोबत घेतो. कार्बनचं वजन १२ धरलं तर तयार झालेल्या वायूचं होतं ४४, म्हणजे सुमारे ३.६७ पट. कोळसा म्हणजे निव्वळ कार्बन नसतो, त्यामुळे पट थोडी कमी येते, पण हिशेबाची जात बरोबर आहे. चुकला तो शेवटचा अंदाज. 'काही शतकं' लागली नाहीत, एक शतकही पुरलं.

'कार्बन' आणि 'कार्बन डायऑक्साइड' यांची हीच गल्लत आजच्या बातम्यांतही होते. एका अहवालात उत्सर्जन कार्बनच्या टनांत असतं, दुसऱ्यात वायूच्या टनांत. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की उत्सर्जन एका रात्रीत साडेतीन पट वाढल्याचा मथळा तयार. असा चमत्कार दिसला की आधी ३.६७ ने भागून बघावं.

बरं, १९१२ च्या त्या नोंदीवरून 'शंभर वर्षांपूर्वीच पत्रकारांना सगळं ठाऊक होतं' असंही म्हणू नका. ही नोंद माझ्या बाजूची माणसं फार मिरवतात, आणि एका कात्रणावरून अख्ख्या काळाचा सूर ठरवण्याची, 'न्यूजवीक'चं कात्रण फिरवणाऱ्यांचीच चूक करतात. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये वॉल्डेमार केम्फर्ट यांनी २८ ऑक्टोबर १९५६ ला कार्बन डायऑक्साइडमुळे हवा तापण्याबद्दल लिहिलं, तेही सुटं-सुटंच. सलग असं काही सुरू झालं ते १९८८ नंतर.

सरळ चढणीची गोष्ट

आधी माध्यमं अडाणी होती, मग शंकेखोर झाली, मग शहाणी झाली. ऐकायला छान, पण घडलं तसं नाही.

२३ जून १९८८ रोजी 'नासा'चे जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की तापमानवाढ सुरू झाल्याची आपल्याला ९९ टक्के खात्री आहे. अमेरिकेत तेव्हा कडक उन्हाळा आणि दुष्काळ होता. दुसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर बातमी. जानेवारी १९८९ मध्ये 'टाइम'ने वर्षाची व्यक्ती निवडायच्या ऐवजी संकटातली पृथ्वीच निवडली. गोष्ट इथे थांबवली तर वाटेल, झालं, पटलं सगळ्यांना.

प्रत्यक्षात नव्वदच्या दशकात सूर खाली आला. तापमानवाढ हा जोवर फक्त विज्ञानाचा विषय होता तोवर तिच्याशी कुणाचं वैर नव्हतं. १९९७ च्या क्योटो करारासोबत कोणी किती इंधन कमी जाळायचं हा प्रश्न आला आणि पैशाची बाजू जागी झाली. १९९८ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल कंपन्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने आखलेली एक योजना फुटून 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या हाती लागली. सामान्य नागरिकांना आणि माध्यमांना या विज्ञानातली 'अनिश्चितता' पटली म्हणजे आपण जिंकलो, असं त्यात उघड लिहिलं होतं.

पुढेही चढ-उतारच आहेत. २००७ मध्ये आयपीसीसीला, म्हणजे हवामान बदलाचे अहवाल देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला, नोबेल शांतता पुरस्कार मिळाला तेव्हा बातम्यांचा पूर, डिसेंबर २००९ च्या कोपनहेगन हवामान परिषदेला त्याहून मोठा, आणि २०१० मध्ये ओहोटी. २०१९ मध्ये शाळकरी मुलांच्या आंदोलनांसोबत पुन्हा भरती. २०२० मध्ये कोविडने पानंच्या पानं खाल्ली, २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेच्या वेळी पुन्हा उसळी. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या केंद्रात जगभरच्या माध्यमांतल्या अशा बातम्यांची महिनेवार मोजदाद चालते. तो आलेख बघितला तर करवतीचे दात दिसतात.

आता दुसरा आलेख शेजारी ठेवा. हवाईमधल्या मौना लोआ इथे १९५८ मध्ये कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आता ४२० च्या वर आहे. मधल्या काळात वार्षिक सरासरी एकदाही खाली आलेली नाही. बातम्या करवतीसारख्या खाली-वर होत राहिल्या आणि वायू मुकाट्याने जिना चढत राहिला.

म्हणून 'माध्यमांना या विषयात रस राहिला नाही' असा निष्कर्ष काढण्याआधी नेमकं काय घटलं ते पाहावं. २०२० मध्ये जागा घटली होती, भूमिका बदलली नव्हती. बातम्या किती आल्या आणि त्यांत काय म्हटलं होतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका आकड्यात त्या कोंबता येत नाहीत.

दोन्ही बाजू घ्यायची सवय

या चुकीवर थोडं रेंगाळतो, कारण ती चांगल्या हेतूने होते.

डेस्कवर पहिला धडा मिळतो, 'दुसरी बाजू घेतलीस का?' राजकारणात, कोर्टकचेरीत, संपाच्या बातमीत हा धडा सोन्यासारखा. पण तोच धडा घेऊन तापमानवाढीकडे गेलं की असं होतं : एका बाजूला हजारो निबंधांचा निचोड सांगणारा शास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला "हे सगळं नैसर्गिक आहे" म्हणणारे एक गृहस्थ, दोघांना चार-चार ओळी. वाचणाऱ्याला वाटतं, शास्त्रज्ञांतच अर्धे-अर्धे मतभेद आहेत.

मॅक्सवेल आणि ज्यूल्स बॉयकॉफ या संशोधकांनी २००४ मध्ये नेमकं हेच मोजलं. 'न्यूयॉर्क टाइम्स', 'वॉशिंग्टन पोस्ट', 'लॉस एंजेलिस टाइम्स' आणि 'वॉल स्ट्रीट जर्नल' यांतल्या १९८८ ते २००२ दरम्यानच्या ६३६ लेखांचा नमुना त्यांनी घेतला. ५२.६५ टक्के लेखांत 'माणसामुळे' आणि 'निसर्गतः' या दोन मतांना साधारण सारखीच जागा मिळाली होती. बाजू समान ठेवूनच वाचकाची दिशाभूल झाली होती.

हा आकडा वापरतानाही चूक होते. 'जगभरची निम्मी माध्यमं तापमानवाढ नाकारतात' असं त्याचं रूपांतर मी छापून आलेलं पाहिलंय. अभ्यास एका देशातल्या चार वर्तमानपत्रांचा आणि २००२ पर्यंतचा होता. २०२१ मध्ये आलेल्या पुढच्या अभ्यासात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथल्या वर्तमानपत्रांतले २००५ ते २०१९ चे लेख तपासले गेले. त्यांतल्या सुमारे ९० टक्के लेखांनी माणसाचा हात असल्याचं बरोबर मांडलं होतं. काही उजव्या वळणाच्या पत्रांत हे प्रमाण कमी होतं. सूर बदलला म्हणतात तो हा, आणि तो मोजलेला आहे.

हा बदल आपोआप झाला नाही. 'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या वाचकपत्रांच्या संपादकाने २०१३ मध्ये जाहीर केलं की माणसाच्या हाताचा पुरावाच नाही असं म्हणणारी पत्रं आम्ही छापत नाही, कारण ती वस्तुस्थितीतली चूक आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये बीबीसीच्या सकाळच्या रेडिओ कार्यक्रमात ब्रिटनचे माजी अर्थमंत्री नायजेल लॉसन म्हणाले की गेल्या दहा वर्षांत जगाचं तापमान किंचित घटलंय. मुलाखतकाराने टोकलं नाही. एप्रिल २०१८ मध्ये नियामक संस्था ऑफकॉमने हा नियमभंग ठरवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बीबीसीने आपल्या पत्रकारांना टिपण पाठवलं की चर्चेचा तोल साधायला नाकारणारा माणूस आणून बसवायची गरज नाही. मॅच दोन-शून्य अशी संपली असेल तर निकालच नाकारणाऱ्याला आपण बोलावत नाही, असा दाखला त्यात दिला होता.

मग दुसरी बाजू घ्यायचीच नाही? घ्यायची, पण प्रश्न कोणता आहे ते आधी ठरवून. पृथ्वी तापतेय का आणि कशामुळे, हा मोजमापाचा प्रश्न. अणुवीज वाढवायची का, कार्बनवर कर लावायचा का, नुकसानीचा खर्च कोणत्या देशाने उचलायचा, हे पटण्या-न पटण्याचे प्रश्न. तिथे दोनच काय, पाच बाजू घ्या. हल्ली मला उलटी चूक जास्त दिसते. कार्बन कराला विरोध करणाऱ्यालाही 'विज्ञान नाकारणारा' म्हणून मोकळं व्हायचं. करावर शंका असलेला माणूस थर्मामीटरवर शंका घेत नसतो.

"नाव का बदललं?"

"तापमानवाढ दिसेना म्हणून यांनी नाव बदलून 'क्लायमेट चेंज' केलं" हा आरोप तपासायला दोन तारखा पुरतात. 'ग्लोबल वॉर्मिंग' ब्रोकर यांच्या १९७५ च्या शीर्षकात आहे आणि आयपीसीसीच्या नावातले दोन 'सी' म्हणजेच क्लायमेट चेंज. ती संस्था १९८८ ची. दोन्ही नावं जुनी, दोन्हींचे अर्थ वेगळे. एक फक्त तापमानाबद्दल आहे, दुसऱ्यात पाऊस, बर्फ, समुद्र सगळं येतं.

ठरवून नाव बदला असं सुचवलं ते दुसऱ्याच बाजूने. फ्रँक लुंट्झ या रिपब्लिकन पक्षाच्या सल्लागाराने या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या टिपणात 'क्लायमेट चेंज' वापरा, ते 'ग्लोबल वॉर्मिंग'पेक्षा कमी भीतीदायक वाटतं, असा सल्ला दिला होता. आपण तेव्हा चुकलो, असं त्यांनीच २०१९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सांगितलं. त्याच वर्षी 'गार्डियन' या ब्रिटिश दैनिकाने उलट्या दिशेने पाऊल टाकलं आणि 'क्लायमेट चेंज'ऐवजी 'संकट', 'आणीबाणी' अशा शब्दांना पसंती दिली. एपी या वृत्तसंस्थेने २०१५ मध्येच तापमानवाढ नाकारणाऱ्यांसाठी 'स्केप्टिक' (शंकेखोर) हा शब्द वापरणं सोडलं होतं, कारण खरा शंकेखोर पुरावा मागतो आणि मिळाला की मान्य करतो.

आपल्या भाषेत एक वेगळाच घोळ आहे. उद्या पाऊस पडेल का, तेही 'हवामान' आणि तीस वर्षांची सरासरी, तीही 'हवामान'. इंग्रजीत वेदर आणि क्लायमेट असे दोन शब्द आहेत, आपण एकाच शब्दावर दोघांचा संसार चालवतो. मग 'हवामान बदल' वाचून माणूस खिडकीबाहेर बघतो आणि म्हणतो, "आज तर गारठा आहे." मी स्वतः दिवसा-दोन दिवसांच्या बातमीत 'हवा' किंवा 'पाऊसपाणी' लिहितो, आणि लांबच्या काळासाठी 'हवामान'. तापमानाबद्दलच बोलायचं असेल तर सरळ 'तापमानवाढ'. शब्दकोश काय म्हणतो ते म्हणो, गोंधळ कमी होतो.

आणि 'प्रदूषणामुळे तापमानवाढ' हा पेटंट मथळा शक्यतो देऊ नका. धुरातले सल्फेटचे कण उलट थोडं थंडच करतात, हे वर आलंच आहे. ओझोनचं भोकही इथे घुसडू नका, ते प्रकरण निराळं.

आकड्यांचे अपघात

माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक इथली आहे. रात्रपाळी होती, पान जायला वीस मिनिटं उरलेली. एजन्सीच्या कॉपीत होतं, तापमानवाढ २.७ अंश फॅरनहाइटवर रोखायला हवी. मी शाळेतलं सूत्र लावलं : ३२ वजा, पाचने गुणा, नऊने भागा. उत्तर आलं उणे १६.३. आणि मी छान लिहून टाकलं, 'तापमानवाढ उणे १६ अंश सेल्सिअसपर्यंत रोखण्याचे उद्दिष्ट'. आमच्या मुद्रितशोधक काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एवढंच विचारलं, "हे वाढवतायत की गोठवतायत?"

३२ वजा करायचे ते तापमान बदलताना. तापमानातला फरक बदलताना फक्त पाचने गुणून नऊने भागायचं. २.७ चे १.५ होतात. इंग्रजी बातम्यांत याचीच उलटी चूक होते, २ अंशांच्या वाढीचे ३५.६ फॅरनहाइट. बातमीतली वाढ भलतीच अचाट किंवा उणे दिसली तर आधी या ३२ चा संशय घ्या.

'१.५ अंश ओलांडले, पॅरिस करार संपला' हा मथळाही असाच घाईचा. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने २०२४ हे वर्ष औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी जास्त तापलेलं होतं. पण करारातली मर्यादा अनेक वर्षांच्या सरासरीची आहे. एका वर्षाचा आकडा गंभीर असतो, पण त्याने कराराचा निकाल लागत नाही.

तसंच '१२ वर्षं उरली'. ऑक्टोबर २०१८ च्या आयपीसीसी अहवालात म्हटलं होतं की वाढ १.५ अंशांवर रोखायची तर कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन २०१० च्या तुलनेत २०३० पर्यंत सुमारे ४५ टक्के घटायला हवं आणि २०५० च्या आसपास निव्वळ शून्यावर, म्हणजे जितकं हवेत जाईल तितकंच परत काढून घेतलं जाईल इथवर, यायला हवं. मथळेवाल्यांनी २०३० तून २०१८ वजा केले आणि घड्याळ लावून दिलं. २०३१ च्या १ जानेवारीला जग जागेवरच असेल, आणि आज तो मथळा देणाऱ्यांना तेव्हा हेच कात्रण दाखवलं जाईल, 'न्यूजवीक'चं दाखवतात तसं.

पूर आला, लाट आली : मग काय लिहायचं?

पूर्वी ठरलेलं वाक्य होतं, 'कोणत्याही एका घटनेचा संबंध तापमानवाढीशी जोडता येत नाही.' हे आता जुनं झालं. २००३ च्या युरोपातल्या उष्णतेच्या लाटेवर २००४ मध्ये 'नेचर'मध्ये अभ्यास आला. माणसाच्या प्रभावामुळे अशा उष्णतेचा धोका निदान दुप्पट झाल्याची दाट शक्यता त्यात मांडली होती. जून २०२१ मध्ये कॅनडातल्या लिटन गावात पारा ४९.६ वर गेला आणि दुसऱ्याच दिवशी गाव आगीत भस्म झालं. वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन या शास्त्रज्ञांच्या गटाने काही दिवसांतच सांगितलं की त्या भागातली अशी लाट तापमानवाढीशिवाय जवळपास अशक्य होती.

पण म्हणून दर वादळाखाली 'तापमानवाढीमुळे' लिहिणं हीही चूक. उष्णतेच्या लाटांबाबत शास्त्रज्ञ बऱ्याच खात्रीने बोलतात, अतिवृष्टीबाबत थोडं सावधपणे, काही प्रकारच्या वादळांबाबत अजून सावध. 'मुळे' या एका शब्दात फार मोठा दावा लपलेला असतो. अभ्यास हाती असेल तर 'धोका इतक्या पटीने वाढला' असं लिहा. नसेल तर 'अशा लाटा आता वारंवार येऊ लागल्या आहेत' एवढ्यावर थांबा.

फोटोही तपासा. फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या माध्यमांनी २०१९ च्या लाटेला दिलेले फोटो संशोधकांनी पाहिले. मजकुरात धोक्याचा इशारा आणि फोटोत कारंज्यात नाचणारी मुलं, असा प्रकार बराच आढळला. मजकूर सगळे वाचत नाहीत, फोटो सगळे बघतात.

ईमेल, हिमनद्या आणि शुद्धिपत्र

नोव्हेंबर २००९ मध्ये ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामान-शास्त्रज्ञांचे हजाराहून जास्त ईमेल चोरून जाहीर केले गेले. 'ट्रिक' आणि 'घट लपवा' हे शब्द मथळ्यांत आले. ती 'घट' तापमानातली नव्हतीच. काही झाडांच्या खोडातल्या वर्तुळांवरून काढलेला अंदाज १९६० नंतर थर्मामीटरशी जुळत नव्हता, त्याबद्दल ते बोलणं होतं. अनेक चौकश्या झाल्या, आकडे बनवल्याचं कुठेच निघालं नाही. माहिती मागणाऱ्यांना खुलेपणाने न देण्याबद्दल ठपका आला, तोही सांगायला हवा. आरोप पहिल्या पानावर आला होता, चौकशीचे निकाल आत कुठेतरी.

आयपीसीसीची खरी चूक दुसरीच होती. २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याचा दावा होता. त्याला भक्कम आधार नव्हता, आणि जानेवारी २०१० मध्ये संस्थेने ते मान्य केलं. या दोन प्रकरणांची अजूनही एकत्र खिचडी केली जाते. बातमी लिहिताना ती वेगळी ठेवा : एक आरोप टिकला नाही, दुसरी चूक खरी होती आणि दुरुस्त झाली.

बातमी आहे की जाहिरात?

'माध्यमं म्हणतात' असं लिहिताना आपण संपादकीय, वार्तांकन, पाहुण्याचा लेख आणि जाहिरात सगळं एका पोत्यात भरतो. मोबिल ही तेल कंपनी १९७० च्या दशकापासून 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या मतांच्या पानावर पैसे देऊन लेखासारखा मजकूर छापायची, बहुतेक गुरुवारी. क्योटोच्या तोंडावर, ऑक्टोबर १९९७ मध्ये, यातल्याच एका मजकुरात हे विज्ञान अजून इतकं अनिश्चित आहे की त्यावर अर्थव्यवस्था पणाला लावू नये, असा सूर होता. नाओमी ओरेस्केस आणि जेफ्री सुप्रान या संशोधकांनी २०१७ मध्ये एक्सॉन आणि मोबिल या (पुढे एक झालेल्या) कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं या जाहिरातींशेजारी ठेवून पाहिली. आतल्या कागदांत माणसाचा हात बहुतांशी मान्य केलेला, बाहेरच्या जाहिरातींत बहुतांशी शंका. जुनं पान चाळणाऱ्याला आज ते 'न्यूयॉर्क टाइम्स'चंच मत वाटू शकतं.

'गार्डियन'ने जानेवारी २०२० मध्ये खनिज इंधन कंपन्यांच्या जाहिराती बंद केल्या. बाकी बऱ्याच ठिकाणी त्या सुरू आहेत, पण त्यांची भाषा बदलली आहे. 'तापतच नाही' असं आता सहसा कुणी पैसे देऊन छापत नाही. 'आधी दुसऱ्या देशांनी करावं', 'नवं तंत्रज्ञान येतंच आहे', 'आता उशीर झाला, काही उपयोग नाही' असं येतं. २०२० च्या एका अभ्यासात दिरंगाईच्या अशा बारा युक्तिवादांची यादी केली आहे. त्यातली काही वाक्यं एरवी रास्तही असतात, म्हणूनच ती पकडायला कठीण. असा मजकूर दिसला की मी पहिल्यांदा पानाच्या कोपऱ्यात बघतो. सहा पॉइंटच्या राखाडी अक्षरांत 'प्रायोजित' असं कुठेतरी लिहिलेलं असतं.